थंडीत पंखा पाचवर आणि कपाटात पडून राहिलेली चिठ्ठी

नाशिकमधल्या एका ४७ वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. त्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळतात. दीड वर्षापासून पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी येते. दिवसातून सात-आठ वेळा छातीपासून वर वाफ चढते, चेहरा लाल होतो, मानेवरून घामाच्या धारा लागतात. रात्री दोन-तीनला झोप मोडते ती मोडतेच. डिसेंबरच्या थंडीत नवरा दोन गोधड्या घेतो आणि ह्यांना पंखा पाचवर लागतो, त्यावरून रोजची वादावादी. पंधरा वर्षांच्या ओळखीच्या पार्टीचं नाव जीएसटीचं रिटर्न भरताना आठवेना, तेव्हा ऑफिसातच रडू कोसळलं. बारावीतल्या मुलीवर नाहक ओरडणं होतं. सासूबाई म्हणतात, ‘आमचीही पाळी गेली, आम्ही नाही एवढा बाऊ केला.’

एका डॉक्टरांनी सोनोग्राफीतली दोन सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ बघून ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगितलं. दुसऱ्यांनी दंडाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि महिन्यातले बारा दिवस रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिली. ताईंच्या मावशीला अडुसष्टाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. नणंद म्हणाली, हार्मोन घेणं म्हणजे कॅन्सरला आमंत्रण. झालं, चिठ्ठी दोन महिने कपाटात. बीपीची एक गोळी चालू आहे. प्रश्न असा: ‘मुकाट सहन करू, की हार्मोन घेऊन कॅन्सरचा धोका पत्करू?’ आणि ता. क.: ‘नवऱ्याजवळ जायला नको वाटतं, दुखतं. हे डॉक्टरांना कसं सांगायचं?’

ताई,

सहन करणं किंवा कॅन्सर, एवढेच दोन पर्याय तुम्ही स्वतःपुढे ठेवलेत. त्यातला पहिला बिनधोक आणि फुकटचा, दुसरा जिवावरचा, असं धरून चालला आहात. मला हे दोन्ही मान्य नाही. तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे ‘जेल लावाच’ असं इथून सांगणार नाही. पण ज्या भीतीपायी चिठ्ठी कपाटात गेली, ती भीती कुठून आली आणि तिच्यात दम किती, हे नक्की सांगता येईल.

आधी सासूबाई. त्यांना त्रास झालाच नसेल असं अजिबात नाही, पण झाला असेल तर तो सांगायची सोय कुणाकडे होती? काही बायकांना खरंच फारसं जाणवत नाही, हेही आहे. आपल्याकडे अनेकींना वाफांपेक्षा सांधेदुखी आणि थकवाच जास्त छळतो, मग त्याला ‘वय झालं’ म्हटलं जातं. एकीला सोसलं म्हणून दुसरीला सोसावं, हा नियम आपण दाढदुखीला लावत नाही. पाळी जाण्याला मात्र हमखास लावतो.

आणि अंगावर काढायचं म्हटलं तरी किती दिवस? ‘सहा महिने कळ काढ’ असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतील. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१५ साली जे निष्कर्ष छापून आले, त्यात वारंवार वाफा येण्याचा काळ सरासरी साडेसात वर्षांच्या आसपास निघाला. पाळी पूर्ण थांबायच्या आधीच ज्यांना वाफा सुरू झाल्या, त्यांचा तर त्याहून लांबला. तुम्ही त्यातल्याच. इतकी वर्षं रात्री तीनला उठून सकाळी नऊला हिशेब जुळवत बसायचं, याला मी तरी फुकटचं म्हणणार नाही.

हे होतं कशानं? आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते आणि त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो, आणि इस्ट्रोजेन घसरलं की त्याची सहनशक्ती कमी होते. गिझरचा कट-ऑफ बिघडला की पाणी नीट तापायच्या आतच तो खटकन पडतो ना, तसं. तापमान जरासं वाढलं तरी मेंदूला वाटतं अंग पेटलं. मग कातडीकडे रक्त धावतं, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि पाच मिनिटांनी तुम्हीच थंडीनं कुडकुडता. नाव न आठवणं हेही याच काळातलं. झोपमोड त्यात भर घालते. हा स्मृतिभ्रंश नव्हे. बहुतेकींचं पुढे ताळ्यावर येतं.

आता कॅन्सर. नणंदेनं ही भीती पदरची काढलेली नाही. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यातला इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) अशा गोळीचा भाग जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवला. जगभर मथळे झळकले, बायकांनी गोळ्या फेकल्या, डॉक्टरांनी लिहायचं सोडलं. माझ्या पिढीतल्या किती डॉक्टरांनी तेव्हा मथळ्यापलीकडे काही वाचलं, हा प्रश्नच आहे.

मथळ्याखाली होतं ते असं. या भागात १६,६०८ बायका होत्या, वय ५० ते ७९, सरासरी ६३. म्हणजे सरासरीनं पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेल्या बायकांना, आणि त्यातल्या बहुतेकींना पहिल्यांदाच, हार्मोन सुरू केलं होतं. गोळी तोंडावाटे घ्यायची. तिच्यात गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टिन. स्तनाचा कर्करोग वर्षाला दर १०,००० बायकांमागे गोळी न घेणाऱ्यांत ३० जणींना झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. आठ जास्त. जवळपास तितकीच वाढ पक्षाघातात आणि फुप्फुसात अडकणाऱ्या रक्ताच्या गाठींत दिसली. खुब्याचं हाड मोडणं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र कमी झाले. आठ म्हणजे शून्य नव्हे, त्या आठजणींच्या घरी तर नव्हेच. पण ‘आमंत्रण’ हा शब्द त्या आकड्याला झेपत नाही. पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन देणारा दुसरा भाग २००४ मध्ये थांबला, आणि त्यात पुढच्या पाठपुराव्यात स्तनाचा कर्करोग उलट कमी आढळला. हे कुठल्या मथळ्यात आल्याचं मला आठवत नाही.

नंतरच्या वर्षांत तेच आकडे वयानुसार वेगळे करून पाहिले, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्या निरोगी बाईचं चित्र बरंच निराळं दिसलं. तिच्या बाबतीत फायद्याचं पारडं बहुधा जड असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनीही या औषधांवरच्या ठळक चौकटीतल्या इशाऱ्यातले हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाचे उल्लेख काढायचं जाहीर केलं. म्हणून धोका संपला असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन जोडीनं स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, आणि जितकी वर्षं घ्याल तितका वाढतो. पाळी गेल्यानंतरच्या लठ्ठपणानं तो त्याहून जास्त वाढतो. दारूनंही वाढतो, आणि वाइन दारूच आहे. (आपल्या गावात हे वेगळं सांगावं लागतं.)

मावशीचं काय? आई किंवा सख्खी बहीण नव्हे, मावशी, एकच, आणि तिला पाळी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी झालेला. एवढ्यावर हार्मोनला सरसकट नाही म्हटलं जात नाही. आईला किंवा बहिणीला झाला असता, घरात दोघी-तिघींना असता, पन्नाशीच्या आत झाला असता किंवा कुणाला अंडाशयाचा कर्करोग असता, तर मी आधी जनुकीय तपासणीचा सल्ला घ्या म्हटलं असतं. तरीही मावशीबद्दल डॉक्टरांना सांगाच आणि सुरू करण्याआधी एक मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून घ्या.

तुमची चिठ्ठी मला पत्रावरून तरी विचार करून लिहिलेली वाटते. तुम्हाला बीपी आहे म्हणून गोळीऐवजी जेल. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. कातडीतून गेलेलं हा फेरा चुकवतं, त्यामुळे रक्ताच्या गाठी होण्याची भीती नेहमीच्या डोसला तरी वाढलेली दिसत नाही. बीपी मात्र आटोक्यात हवं. कॅप्सूल कशाला, तर पिशवी आहे म्हणून. नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन ते रोखतं. ‘जेलनं बरं वाटतंय, कॅप्सूल कशाला’ म्हणून ती परस्पर बंद करणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. असं कधीही करू नका. बारा दिवसांचा कोर्स संपला की पाळीसारखा स्राव होईल. तो अपेक्षित आहे, घाबरायचं नाही. कॅप्सूलनं थोडी गुंगी येते म्हणून ती रात्री घ्यायची, तुमच्या झोपेला ते बरंच.

जेल लावायची एक रीत आहे. आंघोळीनंतर कोरड्या दंडावर पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही, पाच मिनिटं वाळू द्यायचं, मग बाही खाली. हात साबणानं धुवायचे. स्तनांवर लावायचं नाही. लावल्या लावल्या घरातल्या लहान मुलाला कडेवर घ्यायचं नाही, त्याच्या अंगाला लागतं. वाफा दोन ते चार आठवड्यांत कमी व्हायला लागतात, पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी येतो. साधारण तीन-चतुर्थांश वाफा कमी होतात असं अभ्यास सांगतात. आजच्या औषधांत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पहिले तीन महिने स्तन दुखरे होणं, मधूनच डाग पडणं, हे होतं.

हे लग्न लागल्यासारखं कायमचं नाही, एवढं मात्र मनावर घ्या. तीन महिन्यांनी दाखवायचं, मग दर वर्षी. दरवेळी विचारायचं: अजून गरज आहे का, डोस कमी चालेल का. नको वाटलं तर डॉक्टरांना सांगून थांबवता येतं. वाफा परत आल्या तर पुन्हा बोलता येतं. तुम्ही आयुष्याचा निर्णय घ्यायचा म्हणून दोन महिने अडून बसलात; घ्यायचा आहे तो तीन महिन्यांचा.

पिशवीचं ऐकून मात्र मला राग आला. तुमच्या वाफा पिशवीतून येत नाहीत. पिशवी काढली तर वाफा थांबणार नाहीत, आणि सोबत अंडाशय काढले तर आज हळूहळू होणारं एका दिवसात होईल, जास्त जोरात. दोन सेंटिमीटरची, रक्तस्राव न करणारी फायब्रॉइडची गाठ पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आकसते. हार्मोन घेतलं तर तिच्यावर अधूनमधून सोनोग्राफीनं नजर ठेवायची, बस. पिशवी काढायची वेळ येते, नाही असं नाही: कर्करोग असला, अंगावरून एवढं जात असलं की हिमोग्लोबिन सहावर आलं आणि औषधांनी, हार्मोनच्या तांबीनंही भागलं नाही, तर. पण ‘आता तिचा काय उपयोग’ हे ऑपरेशनचं कारण नव्हे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलं. शहरातल्या शिकलेल्या बाईलाही तेच वाक्य ऐकवलं जातं, फक्त एसी केबिनमध्ये.

दुसरं एक गृहीतक: सगळं पाळीमुळेच. ते तपासल्याशिवाय ठरवू नका. थायरॉइड बिघडलं तरी धडधड, घाम, चिडचिड, विसराळूपणा हेच सगळं होतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत. त्यानंही दम लागतो, डोकं चालत नाही. म्हणून जेल आणायच्या आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, बी-१२, बीपी आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. खाजगीत परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये स्त्रीरोग ओपीडी आहे; रांग असते, पण काम होतं. एफएसएच नावाच्या हार्मोन तपासणीवर मात्र पैसे घालवू नका. पंचेचाळिशीनंतर तुमच्यासारखी लक्षणं असली की निदानाला तिची गरज नसते, आणि या काळात ती आज एक सांगते, पुढच्या महिन्यात दुसरं.

सगळ्या नॉर्मल आल्या आणि तरीही तुम्ही म्हणालात, ‘नाही, मला हार्मोन नकोच’, तर तेही चालेल. भीतीनं नको आणि समजून नको, यात फरक आहे. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्याची औषधं कमी डोसमध्ये वाफांवर बऱ्यापैकी लागू पडतात. डॉक्टरांनी ती दिली तर ‘मला वेडी समजतात’ असा अर्थ काढू नका. रात्रीच्या घामाला गॅबापेंटिनचा उपयोग होतो. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, हार्टअटॅक किंवा पक्षाघात झाला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली आहे, यकृत बिघडलेलं आहे किंवा कारण न कळता अंगावरून जातं आहे, त्यांच्यासाठी हाच रस्ता. (स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन नको, हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका.) सोयाबीन, जवस खा, अन्न म्हणून उत्तमच, पण वाफा त्यावर विसंबून ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शंभर टक्के देशी’ म्हणून येणारी, पुडीवर घटकांची नावं नसलेली चूर्णं तर घरातसुद्धा आणू नका.

आणि ता. क.! दवाखान्यातही असंच होतं. पंधरा मिनिटं सांधेदुखीवर बोलणारी बाई उठून दारापर्यंत जाते, कडीला हात लावते आणि मग वळून म्हणते, ‘मॅडम, अजून एक होतं.’ खरं दुखणं तेच असतं. ताई, इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते. त्यामुळे संबंधांत दुखतं, लघवीला जळजळतं, वारंवार इन्फेक्शन होतं. वाफा काही वर्षांनी विझतात, हे आपणहून जात नाही, वाढतच जातं. त्यावर आत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम असतं. ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे अंगभर जाणाऱ्या हार्मोनबद्दल जी भीती आहे ती इथे लागू नाही. नुसतं ल्युब्रिकंटही मेडिकलमध्ये मिळतं. बोलायचं कसं? बोलू नका, लिहून न्या. कागदावर ‘संबंधांच्या वेळी दुखतं, कोरडेपणा आहे’ एवढं लिहा आणि बाकीच्या रिपोर्टसोबत टेबलावर ठेवा. कुठलीही स्त्रीरोगतज्ज्ञ हे वाचून दचकणार नाही. दचकली तर डॉक्टर बदला. आणि दुखतं म्हणून नको आहे, तुम्ही नको आहात म्हणून नव्हे, हे नवऱ्याला एकदा स्वच्छ सांगा. बिचारा पंख्यावरून भांडत असेल, पण मनात काही वेगळंच धरून बसला असेल.

त्याच बोलण्यात आणखी एक: पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही, आणि ही हार्मोन्स गर्भनिरोधक नव्हेत. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी झाली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर झाली तर एक वर्ष काळजी घ्यायची.

घरातलं थोडं. सुती, मोकळे कपडे, उशाशी पाण्याची बाटली, वेगळं पांघरूण, हे तुम्ही करत असालच. तिखटजाळ मिसळ आणि वर दोन कडक चहा यांनी वाफ उसळते का ते आठवडाभर वहीत टिपून बघा. काहींना काहीच होत नाही, मग उगाच रविवार कशाला वाया घालवायचा? हाडांकडे मात्र आत्तापासून बघा, कारण पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सर्वांत वेगानं झिजतात. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नागलीत तीनशेच्या वर असतं, आणि पेठ-सुरगाण्याची नागली आपल्याकडे सहज मिळते. दूध, दही, तीळ त्याला जोड. कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्या बायकांचे घोळके बघून बरं वाटतं, पण नुसत्या चालण्यानं हाडांना पुरेसा ताण मिळत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं उचला. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चालतील.

मुलीला सांगा. बारावीच्या बायोलॉजीत हार्मोन्स तिनं वाचलेली आहेत. आई ओरडते ती का, हे तिला तुमच्यापेक्षा लवकर कळेल. सासूबाईंना पटवायच्या फंदात मात्र पडू नका, रात्री त्या कधी झोपायच्या तेवढं एकदा विचारून बघा.

हे वाचणाऱ्या इतर दोघींसाठी. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, किंवा पाळी जायच्या वयाआधीच अंडाशयांसकट पिशवी काढली असेल, तर वर लिहिलेला धोक्याचा हिशेब तुम्हाला लागू नाही. दुसरी मनाई नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घेणं हाडांसाठी आणि हृदयासाठी बहुधा गरजेचंच असतं. कुणी सुचवलं नसेल तर स्वतः विचारा. आणि पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष लोटल्यावर, हार्मोन घेत नसताना, थेंबभर जरी रक्त गेलं, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून वाट बघू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी.